परिचित मजकूर

संत्र्याच्या रसानं दोन पानं एकमेकांना चिकटली नसती, तर त्याला कधी कळलंही नसतं. रोज जेवणाआधी मुलीनं त्याला एक गोष्ट वाचून दाखवायची, हा घरातला नेम त्यानंच घालून दिला होता आणि गेले कित्येक महिने तो बिनबोभाट चालला होता. त्या संध्याकाळी तो सोफ्यावर बसून संत्रं सोलत होता, मुलगी त्याला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर अस्वलाच्या टोपीचं पुस्तक होतं. ‘अस्वलानं टोपी घातली आणि ते बाजाराला निघालं,’ तिनं वाचलं, पान उलटलं आणि पुढं वाचलं, ‘वाटेत वारा सुटला. वाऱ्यानं टोपी उडवली. टोपी जाऊन बसली झाडावर.’ आवाज स्वच्छ, थांबणं हवं तिथं, बोट ओळीखालून सरकतंय. एक फोड तिच्या तोंडात द्यावी म्हणून त्यानं मान वळवली, तर उघड्या पानावर झाड नव्हतं आणि वाराही नव्हता. तिथं नदी होती, नदीत होडी होती आणि होडीतल्या नावाड्याच्या डोक्यावर ती टोपी होती. मधलं पान चिकटून राहिलं होतं. मुलगी नावाड्याच्या ओळीवर बोट फिरवत झाडाची ओळ म्हणत होती. तिचे डोळे पानावर नव्हतेच. ते त्याच्या हनुवटीवर होते. त्यानं फोड हातातच धरून ठेवली. ती पुढं गेली. नावाडी आला तेव्हा पुस्तकात बाजार होता, बाजार आला तेव्हा पुस्तकातलं अस्वल घरी पोचून झोपलं होतं आणि शेवटी ‘अस्वल टोपी उशाशी घेऊन गाढ झोपी गेलं’ हे वाक्य तिनं मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, छापखान्याच्या पत्त्याखालून बोट फिरवत, गोष्ट संपताना आणावा तसा आवाज खाली आणून वाचून दाखवलं. “छान,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तिनं पुस्तक मिटलं, त्याच्या हातातली फोड घेतली आणि आत पळाली.

जेवताना तो गप्पच होता. बायकोनं दोनदा विचारलं, “ऑफिसात काही झालं का?” आणि त्यानं दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली. पण ती हे विचारते आहे म्हणजे तिला काहीतरी ठाऊक आहे, असं त्याच्या मनानं तिथल्या तिथं घेतलं. एरवी ती विचारत नसे. ऑफिसात त्याला सगळे भाषावाला म्हणत. समोरच्या टेबलावर गणितवाला, खिडकीशी विज्ञानवाली आणि काचेच्या खोलीत प्रमुख बाई. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी कुठल्या इयत्तेत काय शिकायचं याची उद्दिष्टं हे चौघं मिळून लिहीत आणि ती सगळ्या शाळांच्या भिंतींवर लागत. या कामाचा एकच नियम होता आणि तो प्रमुख बाईंनी लाल पेन्सिलीनं त्यांच्या हाडीमाशी भिनवला होता. जे डोळ्यांना दिसत नाही ते उद्दिष्टात लिहायचं नाही. मुलाला समजतं, मुलाला आवडतं, मुलाला जाणवतं, हे सगळं बाद. “समजलं हे तुम्हाला दिसलं कुठं?” बाई विचारत आणि रेघ ओढत. मूल सांगतं, लिहितं, मोजतं, जुळवतं, एवढंच चालायचं. गणितवाल्याचं बरं होतं, बेरीज करतो म्हटलं की त्याची सुटका. विज्ञानवालीनं दुसरीसाठी ‘पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं सांगते’ असं एक सुरेख वाक्य लिहिलं होतं आणि वर्षभर ती त्याच्या जिवावर मिरवत होती. त्याच्या स्वतःच्या वाक्यात आधी ‘वाचते व समजून घेते’ असं होतं. लाल रेघ बसली. मग त्यानं डोकं खाजवून लिहिलं, ‘परिचित मजकूर स्पष्ट आवाजात, योग्य ठिकाणी थांबून वाचते.’ बाई म्हणाल्या, “याला म्हणतात उद्दिष्ट.” त्या दिवशी तो घरी आईस्क्रीम घेऊन गेला होता. आता ताटावर बसून ते वाक्य तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत होता, कारण त्याच्या मुलीनं त्यातला शब्द न् शब्द पुरा केला होता. मजकूर परिचित, आवाज स्पष्ट, थांबणं योग्य. वाचणं तेवढं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो खडे टाकून पाहू लागला. सरळ विचारायला काय झालं होतं? पण सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळेल याची त्याला खात्री नव्हती. आणि खरं सांगायचं तर, मिळालं तर काय करायचं याचीही नव्हती. त्यानं नवीन पुस्तक आणलं. मुलगी हरखली, तिनं चित्रं पाहिली आणि म्हणाली, “हे उद्या वाचते, बाबा. आज अस्वलाला वाईट वाटेल.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नवीन पुस्तक तिनं न अडखळता वाचलं. अस्वल गेलं आणि बेडूक आला, एवढाच फरक. म्हणजे मधल्या दुपारी कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यानं रस्त्यात दुकानाच्या पाटीकडे बोट केलं, “हे काय लिहिलंय गं, मुंगी?” मुंगी हे तिचं घरातलं नाव, सारखं काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असते म्हणून आईनं ठेवलेलं. तिनं पाटीकडे पाहिलंच नाही. दुकानात पाहिलं, आत टांगलेले बूट पाहिले आणि म्हणाली, “बुटांचं दुकान.” पाटीवर मालकाचं नाव होतं. “बाबा, तुम्ही वाचा ना, तुमचा आवाज छान येतो,” असं एकदा. “थांबा, तहान लागलीय,” असं एकदा. काही लिही म्हटलं की पेन्सिलीचं टोक तर इतक्या वेळा मोडायचं की त्याला मनातल्या मनात तिचं कौतुक वाटू लागलं. सात-आठ वर्षांचं पोर, आणि ताकास तूर लागू देत नव्हतं. आणि हे ‘तुम्ही’ कधीपासून? बोबडं बोलत होती तेव्हा ‘बाबा, तू’ होतं. आईला अजून ‘तू’ आहे. मधे कधीतरी, त्याला न सांगता, त्याचं ‘तुम्ही’ झालं होतं आणि त्याला वाटलं होतं की शाळेत वळण लागतंय.

मग अंधाऱ्या खोलीची गोष्ट निघाली. बायको सकाळच्या वेळेत एका चष्म्याच्या दुकानात काम करायची, दुपारी मुलीच्या आधी घरी असायची. वीज गेली होती, मेणबत्ती शोधणं चाललं होतं आणि मुलगी सहज बोलून गेली, “आईच्या दुकानातल्या खोलीत याच्यापेक्षा जास्त अंधार असतो. तिथं हनुवटी ठेवायची आणि हलायचं नाही.” बायको काडेपेटी चाचपत होती. ती थांबली नाही, पण हाताची गती बदलली, हे त्यानं त्या अंधारातही टिपलं. म्हणजे मुलीचे डोळे तपासले होते. म्हणजे बायकोला शंका आली होती, त्याच्या आधी, कदाचित खूप आधी, आणि ती मूग गिळून बसली होती. पाहिलेलं एवढं, आणि वाटलेलं? वाटलेलं असं की या घरात दोन बायकांचं एक घर वेगळं आहे, दुपारी भरतं आणि त्याच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की मिटतं. त्याला आत कुठंतरी फार लागलं. आपण रागावलोय असं तो स्वतःला सांगत होता, पण तो राग नव्हता. लहानपणी आपल्याला कुणी खेळातून बाहेर ठेवलं की जे वाटायचं, ते होतं.

आणि त्याच्या मागून तो वर्ग आला, जो त्यानं इतकी वर्षं वाटेवरून बाजूला सारला होता. चौथीत असताना त्यानं ‘आमच्या गल्लीतला नळ’ असा निबंध लिहिला होता. नळाला पाणी येण्याआधी आतून जो सुस्कारा येतो, तो ऐकून बायका भांडी उचलतात, असं काहीतरी त्यात होतं. गुरुजींनी वही हातात धरली, वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “कुणी लिहून दिलं?” “मी लिहिलं.” “कुणी लिहून दिलं विचारतोय.” “मीच लिहिलं, गुरुजी.” त्यांनी त्याला फळ्याजवळ उभं केलं, हातात कोरा कागद दिला आणि म्हणाले, “मग लिही इथं, माझ्यासमोर. दुसऱ्या कशावरही लिही. झाडावर लिही.” सगळा वर्ग बघत होता. त्याला झाड आठवेना. एकही झाड आठवेना, शाळेच्या खिडकीबाहेर उभं होतं तेही. पाय दुखू लागले, लघवीला लागली आणि शेवटी, केवळ खाली बसायला मिळावं म्हणून, तो म्हणाला, “आईनं सांगितलं.” गुरुजी समाधानानं हसले. त्याच्या आईला सहीपुरतं लिहिता यायचं. पुढं तो भाषेतच शिकला, भाषेतच नोकरीला लागला आणि सारी हयात पोरांच्या वाचण्या-लिहिण्यात गेली, पण नळावर किंवा कशावरही त्यानं आपणहून एक ओळ लिहिली नाही. उद्दिष्टं लिहिली.

शाळेत तो वेळ न घेताच गेला. मुलं सुटली होती आणि वर्गशिक्षिका खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवत होती. तरुण होती, थकलेली होती, एका बुटाची नाडी सुटलेली होती. भिंतीवर भाषा, गणित, विज्ञान, परिसर असे चार रंगीत तक्ते होते, त्यांवर त्यांच्या चौघांची वाक्यं आणि वाक्यांपुढं मुलांच्या नावांच्या चिकट टिकल्या. त्याच्या मुलीची टिकली वाचनात हिरवी होती. सगळ्यांचीच होती. “छान चाललंय तिचं,” शिक्षिका म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता आणखी एक खुर्ची उचलली.

“तिला वाचता येतं?” त्यानं विचारलं.

ती थांबली. “भिंतीवर लिहिलंय तेवढं येतं.”

“तेवढं म्हणजे?”

“परिचित मजकूर. धडा चार दिवस वर्गात घोकला की परिचित होतो. मग सगळे वाचतात.” तिनं खुर्ची खाली ठेवली. “हे बघा, मला जे लिहिलंय तेच तपासायचं असतं. कुणी लिहिलंय देव जाणे. आधी मला वाटायचं, चुकून लिहिलंय. आता वाटतं, मुद्दामच लिहिलं असेल. सगळ्या टिकल्या हिरव्या झाल्या की वरचे खूश, मग आम्हीही सुखी.”

त्याचे कान तापले. हिला माहीत आहे, त्याला वाटलं. हिला आपण कोण ते माहीत आहे आणि ही आपल्याला खेळवतेय. तो तिचा चेहरा शोधत राहिला, पण तिथं थकव्याखेरीज काही सापडेना. मी लिहिलंय, असं म्हणायला एक क्षण मिळाला होता. तो त्यानं घशात काही अडकल्यासारखं खोकून घालवला. “मग करायचं काय?” त्यानं विचारलं.

“ते तुमच्या मिसेसशी बोलणं झालंय ना माझं,” ती म्हणाली. “दोन महिने झाले असतील. त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?” आणि मग तिला आपली चूक कळली असावी, कारण ती एकदम सुटलेली नाडी बांधायला वाकली.

शाळेतून तो ऑफिसात परत गेलाच नाही. भर दुपारी स्वतःच्या घराचा जिना चढायची त्याला सवय नव्हती. कठड्यावर ऊन होतं, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि आपण चोरासारखे पाऊल न वाजवता चढतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं तरी त्यानं पाऊल वाजवलं नाही. दाराशी तो उभा राहिला. आतून बायकोचा आवाज येत होता, एक एक ओळ वाचत, आणि मागोमाग मुलीचा. ‘बेडकानं उडी मारली.’ ‘बेडकानं उडी मारली.’ “इथं पान उलटायचं,” बायको म्हणाली. “आणि आधी नीट बघून घे, एकच पान आलंय ना ते. मागं अस्वलाच्या वेळी दोन आली होती, तू म्हणालीस.”

“बाबांना कळलं असेल?”

“नसेल कळलं.”

“कळलंय,” मुलगी म्हणाली. “त्यांची हनुवटी तशी झाली होती. छान म्हणाले पण हनुवटी तशीच होती.”

त्याचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. मग त्यानं किल्ली लावली. दोघी जमिनीवर बसल्या होत्या. मुलीनं पुस्तक पटकन परकराखाली सरकवलं आणि दुसऱ्याच क्षणी ते बाहेर काढून नीट मांडीवर ठेवलं, जणू तेच ती करत होती. बायको उठली नाही. “मुंगी, गॅलरीतल्या झाडांना पाणी घाल,” ती म्हणाली. मुलगी गेली. गॅलरीत नळ सुटल्याचा आवाज आला.

“चाललंय काय हे?” तो म्हणाला. आवाज खाली ठेवायचा असं ठरवून आला होता, तो वर गेला.

“बैस आधी.” तो बसला नाही. “डोळे चांगले आहेत तिचे,” बायको म्हणाली. “मीच तपासून घेतले. अक्षरं येतात तिला, सुटी सुटी. जुळली की पळतात, असं म्हणते. शाळेतल्या बाईंनी एकीचं नाव दिलं, अशाच मुलांना शिकवते ती. आठवड्यातून दोनदा जातो आम्ही. हळूहळू येतंय. ती म्हणते, येईल.”

“आणि मला पत्ताच नाही. मी काय परका आहे?”

“तिनं शपथ घातली मला.”

“का?”

बायकोनं पुस्तक उचललं, पानं सारखी केली. “तू सगळ्या देशाच्या पोरांना काय आलं पाहिजे ते लिहितोस. घरी आलास की तिच्याकडे तसाच बघतोस. आलं, नाही आलं. ती पाचव्या वर्षापासून रोज संध्याकाळी तुझं तोंड वाचतेय. त्यात तिला एकही चूक होत नाही.” मग, पडत्या आवाजात, “पाठ करून घेत होते ते तिच्यासाठी नव्हतं. तुझी संध्याकाळ नीट जावी म्हणून होतं.”

त्याला लाज वाटत होती, अगदी गुरुजींच्या वर्गात वाटली होती तशी, पण त्या लाजेच्या खालीही ती दुसरी गोष्ट जागीच होती. आठवड्यातून दोनदा, ती म्हणाली. खरंच दोनदा? ती शिकवणारी खरंच शिकवते, की तीही पाठ करून घेते? हळूहळू येतंय हे कुणी पाहिलं? त्यानं मनातल्या मनात लाल रेघ ओढायचा प्रयत्न केला, पण पेन्सिल त्याच्या हातात नव्हती. वाचनाचा नेम त्यानं त्या संध्याकाळी बंद केला. “आता नको वाचूस,” त्यानं मुलीला सांगितलं, जमेल तितकं मऊ. “तुला वाटेल तेव्हा वाच. नाही वाटलं तर नको.” ती त्याच्या हनुवटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बरं.” ऑफिसात त्यानं प्रमुख बाईंकडे जाऊन ‘परिचित’ काढून ‘अपरिचित’ घालावं असं सुचवलं. “मग सगळे तक्ते लाल होतील,” बाई म्हणाल्या. “तुमचं बरं आहे ना, भाषावाले?” गणितवाला हसला. का हसला, याचा विचार करत तो दुपारभर बसून राहिला.

संध्याकाळी आता घरात शांतता असे. मुलगी त्याच्या आसपास फिरत राही, सामान इकडचं तिकडे करी, पण टेकून बसत नसे. एकदा तिनं त्याला नकळत ‘तू’ म्हटलं, दार लाव ना, असं, आणि तो इतका हलला की दार उघडंच राहिलं. मग एका रविवारी स्वयंपाकघरातला दिवा गेला. तो स्टुलावर चढला, जुना दिवा काढून त्यानं खिशात टाकला आणि मुलगी नव्या दिव्याचं खोकं हातात धरून खाली उभी राहिली. बायको ओट्याशी केस बांधत होती. खिडकीतून येणारा उजेड पुरेसा होता. त्यानं दिवा मागायला हात खाली केला, पण दिवा आला नाही. मुलगी खोक्याची बाजू डोळ्यांसमोर धरून उभी होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. “ग,” ती म्हणाली. “गर. गर-म.” त्यानं हात मागं घेतला. “गरम अस... असता... असताना.” बोट प्रत्येक अक्षरावर रुतून बसत होतं आणि मोठ्या कष्टानं उठत होतं. आवाज स्पष्ट नव्हता, थांबणं कुठंच योग्य नव्हतं. “हा-त. हात. ला... ल... लावू.” मधे बराच वेळ काही आलं नाही. तिच्या मानेवरची शीर दिसत होती. “नका. गरम असताना हात लावू नका.”

हे कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं. दिव्याचं खोकं कोण पाठ करून घेईल? त्याच्या छातीत काहीतरी मोठं, गरम असं भरून आलं आणि ते ओठांवर येण्याच्या आत, तेवढ्या एवढ्याशा फटीत, त्याची मान वळली. त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. बायकोच्या दातांत केसांची पिन धरलेली होती आणि ओठ पिनेभोवती घट्ट मिटलेले होते. त्याला हायसं वाटलं. ती बोलली नव्हती, तिला बोलताच आलं नसतं. तो हसून मुलीकडे वळला, आता तिला काय काय म्हणायचं ते सगळं त्याच्या जिभेवर होतं.

मुलगी केव्हाच त्याच्याकडे वळली होती. खोकं छातीशी धरून ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तो कुठं बघत होता ते तिनं पाहिलं होतं.

“आईनं नाही सांगितलं, बाबा,” ती म्हणाली. मग तिनं खोकं स्टुलावर त्याच्या पायांशी, तुमचा हात पोचेल अशा बेतानं ठेवते हं, असं म्हणत ठेवलं आणि ती बाहेर गेली.